दोन ‘यू’पैकी एक गायब!

लिनक्सच्या सर्व्हरवर दोन डिस्कांचा मिरर, म्हणजे दोघींवर तोच मजकूर ठेवायची सोय, चालू आहे आणि त्यातली एक डिस्क आत्ता, या क्षणाला बंद पडली, तर काय होईल? काहीही नाही. फाइली उघडतील, प्रिंट निघतील, वेबसाइट चालेल, ऑफिसात कुणाला पत्ताही लागणार नाही. बदलेल ती फक्त एक छोटीशी फाइल. प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट नावाची ही फाइल काल सांगत होती:

एमडी० : ॲक्टिव्ह रेड१ एसडीबी१[१] एसडीए१[०]
[२/२] [यूयू]

आज तिथेच दिसतं:

एमडी० : ॲक्टिव्ह रेड१ एसडीबी१[१](एफ) एसडीए१[०]
[२/१] [यू_]

‘यू’ म्हणजे अप, डिस्क कामावर हजर. जी गेली तिच्या जागी खालची रेघ. ‘एफ’ म्हणजे फॉल्टी. आणि [२/१] म्हणजे हव्यात दोन, आहे एक. ॲरे, म्हणजे डिस्कांचा जोडलेला गट, डिग्रेड झाला तो हा असा, आवाज न करता.

या सगळ्या विषयात मला सर्वांत धोक्याची वाटते ती ही शांतता. मिरर दुरुस्त करणं तसं सोपं आहे, चार हुकमांचं काम. घोळ होतो तो दोनच ठिकाणी: डिस्क गेल्याचं कळायला उशीर होतो, नाहीतर घाईघाईत हात भलत्याच डिस्कला लागतो. बाकीच्या गमतीजमती भरपूर आहेत, पण त्याही फिरून फिरून याच दोन गोष्टींपाशी येतात.

तीनशे तासांचं गणित

अनेक डिस्का जोडून एक करायच्या पद्धतीला रेड म्हणतात, आणि मिरर त्यातलाच एक प्रकार. रेडचा गाजलेला शोधनिबंध १९८८ चा. लेखक तिघं, डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ, सगळे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली कॅम्पसचे. त्यात एकीकडे होती आयबीएमची ३३८० ही मेनफ्रेमची डिस्क, १४ इंची तबकड्यांची, ७,५०० एमबीची. दुसरीकडे कॉनर कंपनीची सीपी३१००, साडेतीन इंची, १०० एमबी. स्वस्तातल्या अशा शंभर छोट्या डिस्का एकत्र जोडल्या तर मोठीचं काम होईल का, असा प्रश्न.

होईल, पण टिकणार नाही! एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, तर शंभरांतली कुठली ना कुठली डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. म्हणून माहितीची जादा प्रत ठेवायची, आणि ती कशी ठेवायची याच्या पाच पायऱ्या त्यांनी मांडल्या. त्यातली पहिली पायरी म्हणजे मिरर, आपला रेड १. मिरर काही या तिघांनी शोधलेला नाही. टँडेम कंपनीच्या कधी बंद न पडणाऱ्या मशिनांत तो सत्तरच्या दशकापासून होता. बर्कलीकरांनी त्याला नंबर दिला आणि तोच नंबर आज जगभर चालतो.

यांतल्या गिब्सन यांनी २००७ मध्ये बियांका श्रोडर यांच्याबरोबर आणखी एक भन्नाट अभ्यास केला. सुमारे १ लाख डिस्कांच्या बदलीच्या नोंदी त्यांनी तपासल्या. कंपन्यांच्या कागदावर वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्का जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के सर्रास, आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत! त्याहून महत्त्वाचं म्हणजे डिस्का एकट्यादुकट्या जात नाहीत, त्यांच्या बदल्या एकामागोमाग एक येतात. एकाच दुकानातून, एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या सिरियल नंबरच्या दोन डिस्का घेऊन मिरर करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. दोघींचं वय तेच, उष्णता तीच, धक्के तेच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर खरेदी करताना दोन डिस्का दोन वेगळ्या बॅचच्या मागून घेणं हा फुकटात मिळणारा विमा आहे.

लिनक्समध्ये हे काम करतो कर्नेलमधला एमडी ड्रायव्हर आणि त्याला हुकूम देणारं हत्यार म्हणजे एमडीएडीएम. ते ऑस्ट्रेलियाच्या नील ब्राऊन यांनी २००१ मध्ये लिहिलं. सुरुवातीला त्याचं नाव होतं एमडीसीटीएल. त्याआधी रेडटूल्स नावाचा संच वापरत, आणि कुठली डिस्क कुठे हे सगळं एका हाताने लिहिलेल्या फाइलीत ठेवावं लागे. त्या फाइलीत चूक झाली की संपलंच. ब्राऊन यांच्या हत्याराने ही माहिती डिस्ककडूनच विचारून घ्यायला सुरुवात केली.

ईमेल कुणाला गेली?

एमडीएडीएमला पहारा करता येतो. मॉनिटर नावाचा त्याचा एक अवतार मागे सतत चालू असतो आणि डिस्क गेली की ईमेल पाठवतो. ही सोय बहुतेक सर्व्हरवर आपोआप चालू होते. मग लोकांना कळत का नाही?

कारण ईमेल जाते ‘रूट’ला. रूट हा माणूस नव्हे. छोट्या सर्व्हरवर बाहेर ईमेल पाठवणारा प्रोग्रॅमच बसवलेला नसतो, त्यामुळे निरोप त्याच मशीनच्या एका कोपऱ्यातल्या पेटीत जाऊन पडतो. डेबियनवर तर रोज एकदा ॲरे तपासून, तो डिग्रेड असेल तर पुन्हा आठवण पाठवायची व्यवस्था आहे. न वाचलेल्या पेटीत त्या आठवणींचा ढीग साचत जातो, आणि ॲरे महिनोन्महिने एका पायावर उभा असतो.

यावरचा उपाय दोन मिनिटांचा. एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलीत मेलॲडर या ओळीपुढे खराखुरा, रोज उघडला जाणारा पत्ता लिहायचा. मग मॉनिटर, स्कॅन, वनशॉट आणि टेस्ट हे चार पर्याय एकत्र देऊन हुकूम सोडायचा. प्रत्येक ॲरेसाठी एक चाचणी ईमेल निघते. ती मोबाइलवर दिसली तर पहारा चालू आहे. नाही दिसली, तर पहारा नाहीच असं धरा. ईमेलऐवजी दुसरं काही हवं असेल तर त्याच फाइलीत प्रोग्रॅम नावाची ओळ असते. तिथे आपली छोटी स्क्रिप्ट जोडली की निरोप हव्या त्या ॲपवर जातो. मिरर उभारणाऱ्या प्रत्येकाने ही चाचणी ईमेल पाहिल्याशिवाय काम संपलं म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

डिस्क गेली की वायर?

‘एफ’ दिसला म्हणून लगेच नवी डिस्क मागवू नका. आधी स्मार्टसीटीएलने डिस्कची कुंडली बघा. त्यात नंबर दिलेल्या ओळी असतात. ५ नंबरची ओळ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली केलेले सेक्टर, १९७ म्हणजे निकालाची वाट बघत असलेले सेक्टर. हे आकडे वाढत असतील तर डिस्क चालली. पण ते शून्य असून १९९ नंबरची ओळ फुगलेली असेल, तर गुन्हेगार बहुतेक वेळा साटा केबल असते! ती ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या बोलण्यातल्या चुका मोजते.

वायर बदलली की जुनीच डिस्क ‘री-ॲड’ करता येते. इथे बिटमॅपची करामत बघण्यासारखी आहे. मोठ्या ॲरेवर, म्हणजे साधारण १०० जीबीच्या वर, एमडीएडीएम स्वतःहून एक बिटमॅप ठेवतं. दुकानदाराच्या कच्च्या वहीसारखा हा प्रकार: डिस्कच्या कुठल्या भागात लिखाण झालं एवढीच खूण, बाकी तपशील नाही. बाहेर पडलेली डिस्क परत आली की फक्त खूण असलेले भाग तिच्यावर उतरवले जातात. ४ टीबीची डिस्क तासाभरासाठी बाहेर होती, तर सात-आठ तासांचं काम काही मिनिटांत उरकतं.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात डिस्कही बरी असते आणि वायरही. डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क एखादा सेक्टर वाचता येईना की हट्टाला पेटते, मिनिट-दोन मिनिटं पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते. लिनक्सचा संयम मात्र ३० सेकंदांचा. तेवढ्यात उत्तर आलं नाही की कर्नेल कनेक्शन रीसेट करतो, हट्टाला पेटलेली डिस्क त्यालाही दाद देत नाही, आणि एमडी तिला ॲरेबाहेर काढतो. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क हद्दपार!

नाससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवणुकीसाठीच्या, डिस्का अशा वेळी साधारण ७ सेकंदांत हात वर करतात. मग जे होतं ते फार सुंदर आहे. डिस्क ‘वाचता आलं नाही’ असं सरळ सांगते, एमडी दुसऱ्या डिस्कवरून तोच मजकूर वाचतो, मागणाऱ्याला देतो आणि जिथे वाचता आलं नव्हतं तिथे पुन्हा लिहितो. डिस्क त्या लिखाणाच्या निमित्ताने खराब सेक्टर बदलून टाकते. वापरणाऱ्याला यातलं काही कळतही नाही. आपल्या डिस्कला ७ सेकंदांची ही मर्यादा घालता येते का, हे स्मार्टसीटीएलच्या एससीटीईआरसी या पर्यायाने बघता येतं. तिथे वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात लिहायची असते, म्हणून आकडा ७० द्यायचा. डिस्कला ही सोयच नसेल तर उलट लिनक्सचा संयम ३० वरून १८० सेकंदांवर न्यायचा.

आधी नंबर वाचा

आता सर्वांत नाजूक जागा. एसडीए आणि एसडीबी ही नावं डिस्कवर कोरलेली नसतात. बूट होताना ज्या क्रमाने डिस्का सापडतात त्या क्रमाने ती मिळतात. एक डिस्क मेली आणि मशीन रीबूट झालं, की काल जी एसडीबी होती ती आज एसडीए होऊन बसू शकते. काल कागदावर ‘बी खराब’ असं लिहून ठेवलं असेल आणि आज त्यावरून स्क्रू सोडवायला घेतले, तर चांगली डिस्क हातात येईल.

भरवसा ठेवायचा तो फक्त सिरियल नंबरवर. डेव्ह फोल्डरातल्या डिस्कच्या बाय-आयडी कप्प्यात प्रत्येक डिस्कचं नाव तिच्या मॉडेल आणि सिरियल नंबरासकट असतं. एलएसबीएलके या हुकमालाही सिरियलचा रकाना मागता येतो. आणि तोच नंबर डिस्कच्या अंगावरच्या लेबलवर छापलेला असतो. अडचण एवढीच की कॅबिनेटमध्ये बसवल्यावर ते लेबल आत तोंड करून बसतं. म्हणून डिस्क बसवतानाच सिरियलचे शेवटचे चार आकडे एका चिकटपट्टीवर मार्करने लिहून ती पट्टी बाहेरून दिसेल अशी लावावी.

पट्टी लावलेली नसेल तर दुसरी युक्ती. समोर दिवा असलेल्या कॅबिनेटमध्ये चांगल्या डिस्कवरून नुसतं वाचन सुरू करायचं. डीडी हुकमाने वाचायचं आणि वाचलेलं डेव्ह-नलमध्ये टाकून द्यायचं. जिचा दिवा एकसारखा लुकलुकतो तिला हात लावायचा नाही. मेलेल्या डिस्कला लुकलुकायला लावता येत नाही, म्हणून चांगली ओळखून बाजूला काढायची आणि उरलेलीवर जायचं. तरीही मशीन बंद करता येत असेल तर बंद करा, डिस्क बाहेर काढा आणि लेबलवरचा नंबर कागदावरच्या नंबराशी एक एक आकडा मोठ्याने वाचून जुळवा. शेजारी दुसरं कुणी असेल तर त्याला वाचायला लावा.

चार हुकूम

हुकूम मोजून चार. पहिला ‘फेल’: ही डिस्क खराब आहे असं एमडीला सांगायचं, त्याने आधीच ठरवलं असेल तर याची गरज नाही. दुसरा ‘रिमूव्ह’: ॲरेतून नाव काढायचं. मग डिस्क बदलायची. तिसरा हुकूम नव्या डिस्कवर जुनीसारखी पार्टिशनं पाडायचा. चौथा ‘ॲड’. बस्स, रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर प्रत उतरवणं, सुरू.

यात तिसऱ्यावर थांबायला हवं, कारण डेटा जातो तो तिथे. जुन्या पद्धतीत एसएफडिस्क चांगल्या डिस्कचा आराखडा बाहेर काढतं आणि मध्ये पाइप घालून तो नव्या डिस्कवर उतरवतात. डावीकडे चांगली, उजवीकडे नवी. उलटं झालं तर रिकाम्या डिस्कचा आराखडा भरलेल्या डिस्कवर जाऊन बसतो. एसजीडिस्क वापरणाऱ्यांसाठी सापळा याहून चमत्कारिक आहे. त्याच्या मोठ्या आर या पर्यायाला लागून जी डिस्क लिहायची ती नवी, आणि हुकमाच्या शेवटी एकटी लिहायची ती चांगली. म्हणजे कॉपी जाते शेवटाकडून मधल्याकडे! कॉपीच्या बाकीच्या हुकमांची सवय झालेल्या हाताला हे हमखास उलटं वाटतं. म्हणून एंटर दाबण्याआधी आराखडा एका फाइलीत उतरवून ती फाइल तिसऱ्याच मशीनवर ठेवणं शहाणपणाचं. आणि एसजीडिस्क वापरलंत तर नंतर मोठ्या जी या पर्यायाने नव्या डिस्कला नवे ओळख-क्रमांक द्यायला विसरू नका, नाहीतर दोन डिस्का एकाच नावाने वावरतील.

आणि हो, या सगळ्याच्या आधी बॅकअप. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्ही डिस्कांवरून एकाच वेळी उडतो, मिररचं कामच ते आहे.

‘ॲड’ म्हटल्यावर कधी कधी उत्तर येतं की पार्टिशन ॲरेत सामील व्हायला पुरेसं मोठं नाही. १ टीबीच्या हार्ड डिस्का बहुतेक एकाच मापाच्या असतात, १,९५,३५,२५,१६८ सेक्टर, कारण आयडेमा या उद्योगसंस्थेचं सूत्र बहुतेक कंपन्या पाळतात. पण एसएसडीत २४०, २५० आणि २५६ जीबी अशी तीन मापं शेजारी शेजारी विकायला असतात. २५६ चा मिरर असेल आणि दुकानात २५० ची मिळाली तर उपयोग शून्य. मिरर नव्याने उभारताना पार्टिशनच्या शेवटी थोडी जागा मोकळी सोडणारे लोक पुढच्या कित्येक वर्षांची डोकेदुखी वाचवतात.

जुनी डिस्क पूर्ण मेलेली नसेल, नुसती कुरकुरत असेल, तर तिला आधी काढायची घाई का करावी? मशीनमध्ये तिसरी जागा असेल तर नवी डिस्क तिथे लावा आणि मिरर तात्पुरता तीन डिस्कांचा करा. लिनक्सच्या मिररला दोनच डिस्का हव्यात असा नियम नाही. तिसरी भरली की कुरकुरणारीला निरोप द्यायचा आणि संख्या पुन्हा दोनवर आणायची. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ कर्नेलपासून ‘रिप्लेस’ हा थेट पर्यायही आहे. यात ॲरे एक क्षणही एका पायावर येत नाही. मला विचाराल तर सर्वांत चांगली दुरुस्ती हीच.

अंदाज का लांबतो?

रीबिल्ड सुरू झालं की एमडीस्टॅटमध्ये बाणासारखी पट्टी सरकू लागते आणि शेजारी ‘फिनिश’ म्हणून किती मिनिटं उरली तो अंदाज येतो. हार्ड डिस्कवर हा अंदाज हळूहळू लांबत जातो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका, कारण तबकडीतच आहे. डिस्कचे पहिले सेक्टर तबकडीच्या बाहेरच्या कडेला असतात. तिथला घेर मोठा, म्हणून एका फेरीत जास्त मजकूर जातो. काम आत सरकत जातं तसा वेग उतरत जातो, शेवटाकडे जवळपास निम्म्यावर येतो. सरासरी १५० एमबीचा वेग धरला तर ४ टीबीला साधारण साडेसात तास.

एवढा वेळ का? कारण एमडीला फाइली कळतच नाहीत. डिस्कवर चार फोटो असोत की चार लाख, तो पहिल्यापासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सगळं उतरवतो, रिकामी जागासुद्धा. झेडएफएस आणि बीटीआरएफएस यांच्याकडे फाइल सिस्टिम आणि मिरर एकाच घरात नांदतात, म्हणून ते वापरलेली जागा तेवढीच भरतात.

वेगाला कर्नेलने दोन मर्यादा घातल्या आहेत. खालची सेकंदाला १,००० केबी, वरची २,००,००० केबी. सर्व्हरवर दुसरं काम जोरात असेल तर एमडी अदबीने मागे सरतो, पण खालच्या मर्यादेखाली जात नाही. त्या वेगाने ४ टीबीला सुमारे दीड महिना लागेल! रात्रीपुरती ही मर्यादा वाढवून ठेवावी. उलट एनव्हीएमई एसएसडीवाल्यांना वरची मर्यादा आड येते. सेकंदाला हजारो एमबी लिहू शकणारी डिस्क २०० एमबीच्या आसपास अडकलेली दिसली, तर डिस्कला दोष देऊ नका. तो आकडा वाढवा आणि बघा कशी पळते.

रीबिल्ड चालू असताना काम थांबवायची गरज नाही, आणि मध्ये रीबूट झालंच तर डिस्कवरच्या सुपरब्लॉक नावाच्या नोंदीत कुठवर आलो ते लिहिलेलं असतं, तिथून पुढे सुरू होतं. मात्र डिस्क घेताना ती एसएमआर जातीची नाही ना, हे विचारून घ्या. या डिस्कांत मजकुराचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. सलग लिखाण त्या बऱ्यापैकी पेलतात, पण रीबिल्डही चालू आणि ऑफिसही चालू, असं विखुरलेलं लिखाण वाढलं की वेग कोसळतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नाससाठी विकल्या जाणाऱ्या २ ते ६ टीबीच्या ‘रेड’ (लाल) या ब्रँडच्या काही डिस्का एसएमआर निघाल्या आणि मोठा गदारोळ झाला. कंपनीने ते मान्य केलं. त्यानंतर जुन्या पद्धतीच्या डिस्का रेड प्लस या नावाने वेगळ्या झाल्या.

पट्टीवर ‘रिकव्हरी’ लिहिलंय की ‘रीसिंक’, तेही वाचा. रिकव्हरी म्हणजे नवी डिस्क भरली जातेय. रीसिंक म्हणजे दोन्ही डिस्का शाबूत आहेत, पण वीज अचानक गेल्यामुळे दोघींवरचा मजकूर तंतोतंत सारखा आहे का याची खात्री नाही. पावसाळ्यात यूपीएसची बॅटरी दगा देते तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं ते रीसिंक. लिखाण थांबल्यावर साधारण ०.२ सेकंदांत एमडी ॲरेवर ‘स्वच्छ’ असा शिक्का मारतो. शिक्का मारायच्या आधी वीज गेली तरच हे काम मागे लागतं.

बूटचा घोळ

मिरर दोन डिस्कांचा, पण मशीन सुरू करणारा ग्रब कितींवर? पुष्कळदा एकीवरच. जुन्या बायॉसच्या मशीनवर ग्रबचा पहिला तुकडा डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असतो, म्हणजे ॲरेच्या बाहेर. एमडी तो उतरवत नाही. मेलेली डिस्क नेमकी ग्रबवाली निघाली तर सगळा डेटा शाबूत असूनही स्क्रीन काळी. म्हणून ‘ॲड’ झाल्यावर लगेच नव्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवायचं.

यूईएफआयच्या मशीनवर बूटचं पार्टिशन फॅट प्रकारचं असतं आणि फर्मवेअरला एमडी समजत नाही. त्यावर काही जण सुपरब्लॉकची जागा बदलून मार्ग काढतात. सुपरब्लॉक म्हणजे ‘मी अमुक ॲरेची अमुक सभासद’ असं सांगणारी डिस्कवरची नोंद. आजकालच्या १.२ प्रकारात ती सुरुवातीपासून ४ केबी आत असते, १.० प्रकारात अगदी शेवटी. शेवटी असली की फर्मवेअरला सुरुवातीला साधं फॅट पार्टिशन दिसतं आणि लिनक्सला मिरर. युक्ती चालते, पण फर्मवेअरने स्वतःहून त्यावर काही लिहिलं तर दोन प्रती फुटतात. मला तरी दोन वेगळी पार्टिशनं ठेवून दर अपडेटनंतर कॉपी करणं जास्त सुरक्षित वाटतं.

याच सुपरब्लॉकमध्ये एक इव्हेंट काउंटर असतो. ॲरेत काही बदललं की तो पुढे जातो. बाहेर पडलेल्या डिस्कचा आकडा मागे राहतो, आणि बूट होताना एमडी आकडे ताडून शिळी डिस्क ओळखतो. त्यामुळेच एक अक्षम्य चूक टाळा: आज एका डिस्कवर मशीन चालवून बघायचं, उद्या दुसरीवर. दोन्ही स्वतंत्रपणे पुढे जातात, आणि कुठली खरी हे सांगायला मग कुणी उरत नाही.

चिमूटभर आणखी

अर्धा मिररही जन्माला घालता येतो! ॲरे बनवताना दुसऱ्या डिस्कच्या जागी ‘मिसिंग’ असं लिहिलं की एमडीएडीएम निमूटपणे एका डिस्कचा मिरर बनवून देतं. चालू सर्व्हरचं रूपांतर मिररमध्ये करणारे हीच वाट धरतात: नव्या डिस्कवर अर्धा मिरर, त्यात सगळा डेटा, मग जुनी डिस्क ‘ॲड’.

नवी डिस्क घातल्यावर तिच्यापुढे [१] ऐवजी [२] दिसतं आणि लोक दचकतात. तो केवळ पुढचा अनुक्रमांक. शेवटी [यूयू] असलं की सगळं ठीक.

ॲरेचं नाव अचानक एमडी१२७ झालं तर? कॉन्फिगमध्ये नोंद न सापडलेल्या ॲरेला १२७ पासून खाली मोजत नंबर मिळतो. नोंद घालून बूटच्या सुरुवातीला लागणारं इनिटरॅमएफएस पुन्हा बनवलं की जुनं नाव परत येतं.

एकच मोठी फाइल वाचताना मिरर दुप्पट वेगाने पळत नाही. एमडी प्रत्येक वाचन ज्या डिस्कचं हेड जवळ असेल तिला देतो, म्हणून फायदा होतो तो अनेक जण एकाच वेळी वाचत असतील तेव्हा.

डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी सर्व्हर अचानक घरघरू लागतो, ती तपासणी. दोन्ही डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढल्या जातात. ती बंद करू नका, अगदी कळकळीने सांगतो. वर्षानुवर्षे न उघडलेल्या फाइलीखालचा सेक्टर मेलेला असतो आणि ते कळतं थेट रीबिल्डच्या दिवशी, जेव्हा दुसरी प्रत नसते. साध्या डिस्कांच्या कागदावर १०^१४ बिटांमागे फार तर एक न वाचता येणारी चूक असं लिहिलेलं असतं. म्हणजे १२.५ टीबी. आताच्या मोठ्या डिस्का या आकड्याच्याही पुढे गेल्या आहेत.

तपासणीनंतर ‘मिसमॅच’चा आकडा शून्य नसला तर लगेच धीर सोडू नका. मिररवर स्वॅप असेल तर असं होऊ शकतं. मेमरीतलं पान एका डिस्कवर लिहून दुसरीवर लिहीपर्यंत बदलतं, आणि ते पान नंतर कुणाला लागतही नाही. पण स्वॅप नसताना आकडा वाढला तर तपास हवा. ‘रिपेअर’ म्हटल्याने दोन्ही प्रती सारख्या होतील, पण खरी कुठली होती हे दोन प्रतींच्या मिररला ठरवता येत नाही.

काढलेल्या डिस्कचं काय?

[यूयू] परत आलं, चाचणी ईमेल मोबाइलवर आली. टेबलावर उरली जुनी डिस्क. रेड ५ मधून काढलेल्या एका डिस्कवर मजकुराचे तुकडे असतात. मिररमधून काढलेल्या डिस्कवर मात्र सगळंच्या सगळं, जसंच्या तसं असतं. कुणीही ती दुसऱ्या लिनक्सला जोडून, असेम्बल करताना ‘रन’ हा पर्याय देऊन, अख्खा सर्व्हर वाचू शकतो. पगाराची पत्रकं, पेशंटचे रिपोर्ट, पासवर्ड, सगळं.

डिस्क दुसरीकडे वापरायची असेल तर झीरो-सुपरब्लॉकने ॲरेची ओळख पुसा, नाहीतर नव्या मशीनमध्ये ती जुना मिरर म्हणून उभी राहील. पण हा हुकूम फक्त ओळख पुसतो, मजकूर नाही. भंगारात किंवा वॉरंटीत द्यायची असेल तर श्रेडने पूर्ण खरडा, आणि एसएसडी असेल तर तिचा स्वतःचा सिक्युअर इरेज वापरा. खरी पंचाईत होते डिस्क उत्तरच देत नसेल तेव्हा. तिच्यावर काही लिहिता येत नाही, पण डेटा रिकव्हरीवाले ती वाचू शकतात. अशी डिस्क वॉरंटीत देऊ नये असंच मी सुचवेन. दोन-पाच हजार वाचतात, पण ग्राहकांची माहिती बाहेर जाते.

नवा सर्व्हर उभारत असाल तर मिररच्या वर ल्यूक्स एन्क्रिप्शनचा थर पहिल्याच दिवशी द्या. क्रम महत्त्वाचा: खाली एमडी, वर ल्यूक्स. मग मजकूर एकदाच एन्क्रिप्ट होतो आणि दोन्ही डिस्कांवर तसाच उतरतो. क्रम उलटा केला तर प्रोसेसरला तेच काम दोनदा करावं लागतं आणि बूट होताना दोन्ही डिस्का वेगवेगळ्या उघडाव्या लागतात.